डाव्या हाताचं वर्ष

नागपूरला आमच्याकडे परीक्षेचा पेपर दोनदा व्हायचा. एकदा शाळेत आणि एकदा घरी, जेवणाच्या टेबलावर. शाळेतून आल्यावर हातपाय धुवायचे, प्रश्नपत्रिका बाबांपुढे ठेवायची आणि पहिल्या प्रश्नापासून सांगत जायचं: काय लिहिलं, कुठे अडलं, काय सोडलं. बाबा पेन्सिलीने प्रत्येक प्रश्नापुढे गुण मांडायचे आणि खाली बेरीज करायचे. ती प्रत्यक्ष निकालापेक्षा फार तर दोन-तीन गुणांनी चुकायची. माझ्या वयाच्या बहुतेकांच्या घरी हे असंच चालायचं आणि त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मलाही नाही. म्हणून माझी मुलगी बास्केटबॉल खेळायला लागली तेव्हा मी तिचा पेपर गाडीत घ्यायला लागले.

आम्ही डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो. मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सप्लायर क्वालिटी बघते. बाहेरून आलेला माल तपासायचा, चांगला असेल तर आत घ्यायचा, नसेल तर परत पाठवायचा. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, आणि माझ्या याद्यांवर बोलायची एकही संधी न सोडणारा. याद्या मी सगळ्याच्या करते. किराणा, औषधं, कुणाला कधी जेवायला बोलावलं आणि तेव्हा काय केलं होतं, प्रवासात कुठली वस्तू बॅगेच्या कुठल्या कप्प्यात. त्याच सवयीने मी मुलीच्या पहिल्या सामन्याला वही घेऊन बसले. सामना संपल्यावर गाडीत तिचा सीटबेल्ट लागेपर्यंत माझी वही उघडलेली असायची.

"पहिलं. सुरुवातीलाच पास हातातून सुटला."

"फार जोरात आला होता तो."

"बरं. दुसरं. मोकळी होतीस, तरी शॉट घेतला नाहीस."

"मोकळी नव्हते. मागून त्यांची लाल बूटवाली येत होती."

"तिसरं."

मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. इथे सोयीसाठी सगळं मराठीत लिहिते आहे. घर येईपर्यंत पेपर तपासून व्हायचा. गाडी चालवता चालवता नवरा म्हणायचा, "निकाल टपालाने येणार की ऑनलाइन?"

अमेरिकेत कॉलेजच्या टीममध्ये शिरणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे. कोच मंडळी देशभर हिंडून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींचे सामने बघतात, त्यातल्या हव्या त्या हेरतात, त्यांना पत्रं लिहितात, फोन करतात, घरी येऊन बसतात. याला रिक्रूटिंग म्हणतात. शाळेच्या जिममध्ये बाकावर बसणारे सगळे पालक एकच सांगायचे, की मोठ्या टीम मैदानात जिंकतात त्याच्या कितीतरी आधी इथे जिंकलेल्या असतात. कोच कोण आहे याला फारसा अर्थ नाही, मुली कोण आहेत ते बघा. मला हे ऐकताक्षणी पटलं. माल चांगला आला तर गाडी चांगली बनणार, यावर तर माझी नोकरी उभी होती. अडचण एवढीच की या वेळी माल आमचा होता आणि तपासणारे दुसरे होते.

मी कामाला लागले. चाळीसेक कॉलेजांची एक शीट केली. कोचचं नाव, कुठल्या जागेवरची मुलगी पुढच्या वर्षी पास होऊन जाणार, पत्र पाठवल्याची तारीख, आठवण केल्याची तारीख, उत्तर. उत्तराचा रकाना बराचसा रिकामा राहिला. मुलगी साडेपाच फूट, पळण्यात मध्यम, उजव्या हाताने मात्र उत्तम. तिच्यासारख्या उजव्या हाताच्या मुली प्रत्येक शाळेत दोन असतात, हे कुणी लिहून कळवलं नाही, पण कळत गेलं.

शेवटी हातात दोन गोष्टी उरल्या. एका मोठ्या विद्यापीठाने सांगितलं, टीममध्ये नाव घालू, पण खेळायला मिळेल याची काही हमी नाही. आणि घरापासून अडीच तासांवरच्या एका लहान कॉलेजच्या कोचनी हाताने लिहिलेलं दोन ओळींचं पत्र पाठवलं: उन्हाळी कॅम्पमध्ये तुला पाहिलं. मला तुला शिकवायला आवडेल.

हे लहान कॉलेज बघायला आम्ही तिघं गेलो. कोच साठीच्या, केस बारीक कापलेले, गळ्यात शिट्टी, पण ती वाजवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. सराव चालू होता. त्यांनी एका मुलीचा पाय चुकीच्या दिशेला पडला म्हणून सगळा खेळ थांबवला आणि तो एक पाय कुठे पडायला हवा यावर दहा मिनिटं घालवली. मी घड्याळ बघत होते. आमची मुलगी बाकाच्या पुढच्या कडेला येऊन बसली होती.

परतताना ती म्हणाली, "आई, त्या थांबवतात."

"तेच म्हणते मी. अशाने खेळ पुढे कसा जाणार?"

"शाळेत मला कुणी थांबवलंच नाही कधी. चुकलं की बेंचवर बसवायचे."

मी तरी मोठ्या विद्यापीठाच्या बाजूची होते. माझ्या डोक्यात ती ॲडमिशन होती, आणि ॲडमिशन चांगल्या ठिकाणी झाली की अर्धं आयुष्य मार्गी लागतं, हे आमच्या पिढीच्या हाडात बसलेलं आहे. मी म्हटलं, तिथल्या जिममध्ये हजारो लोक बसतात.

"बसायला तिथे इतके लोक आहेत," नवरा म्हणाला, "मग आणखी एक बसायला हिला कशाला पाठवायची?"

मुलीने लहान कॉलेज घेतलं. मी शीट बंद केली, पण मनातून नाही.

पहिलं वर्ष बेंचवर गेलं. सामना हातात आलेला असेल किंवा हातातून गेलेला असेल, तेव्हा शेवटची तीन-चार मिनिटं तिला आत पाठवायचे. तेवढ्यासाठी आम्ही अडीच तास जायचो आणि अडीच तास यायचो. सामन्यानंतर पार्किंगमध्ये ती आमच्या गाडीत येऊन बसायची, मी पोळीभाजीचा डबा उघडून द्यायचे आणि ती खात असताना वही काढायचे. चार मिनिटांच्या खेळातही माझ्या सात-आठ ओळी भरायच्या. डाव्या हाताने लेअप मारला, चुकला. उजवा मोकळा असताना डाव्यानेच मारला, चुकला. पुन्हा तेच. लेअप म्हणजे बास्केटच्या अगदी जवळ जाऊन, उडी मारून चेंडू वर ठेवायचा, या खेळातला सगळ्यात सोपा शॉट. तो तिला आठवीपासून येत होता. मी वाचत गेले. ती आधीसारखं उत्तर देईना, फक्त खात होती.

जानेवारीतल्या एका सामन्यानंतर ती काचेपाशी आली, दार न उघडताच म्हणाली, "मी आज टीमबरोबर जेवते." डबा तसाच घरी परत आला. पुढच्या सामन्यानंतरही तसाच. तिसऱ्या वेळी मी डबा केला, पण गाडीतून बाहेर काढलाच नाही.

त्याच आठवड्यात रविवारच्या फोनवर तिने सांगितलं, "पुढच्या वर्षी एक सीझन खेळेन. नाही जमलं तर बास. मग सोडून देईन."

"दुसऱ्या कॉलेजात बदली घेता येते. मी यादी करते."

"आई, यादी नको."

दहा वर्षं या मुलीने दुसऱ्या कशात एवढा जीव घातला नव्हता, आणि आता ती तो खेळ सोडायचं बोलत होती. मला कुठे बिघडलं ते शोधायचं होतं. माझ्या मते बिघाड कोचमध्ये होता.

कोचनी वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना एक कागद दिला होता. माझ्याशी तीन विषयांवर कधीही बोला: मुलीची तब्येत, अभ्यास, घरची अडचण. कोण किती मिनिटं खेळणार यावर मी बोलणार नाही. मी भेटीची वेळ मागताना विषय लिहिला, अभ्यास. ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढली आणि त्या सीझनची सगळी पानं एका फाइलमध्ये लावून घेऊन गेले.

"तिचा अभ्यास कसा चाललाय?" कोचनी विचारलं.

"उत्तम."

"माझ्याही कानावर तसंच आहे. मग आपली अजून पंचवीस मिनिटं उरली." त्यांनी माझ्या फाइलकडे बघितलं. "दाखवा."

त्यांनी ती फाइल पहिल्या पानापासून वाचली. वरवर चाळली नाही, वाचली. मग पेन्सिल घेतली आणि काही ओळींपुढे ठिपके द्यायला लागल्या. मला नागपूरचं टेबल आठवलं, जणू प्रश्नपत्रिका माझीच होती.

"डाव्या हाताचे नऊ लेअप चुकले, असं लिहिलंय तुम्ही."

"हो. तारखांसकट."

"आणि उजवा मोकळा असताना डाव्याने मारले."

"तेच तर म्हणते मी. उजव्याने तिचे चुकत नाहीत."

"उजवा मी बंद केलाय," कोच म्हणाल्या. "नोव्हेंबरपासून. सराव असो, सामना असो, डावीकडून गेली तर डाव्या हातानेच मारायचं, मग चुकला तर चुकला. तिने सांगितलं नाही तुम्हाला?"

मी नाही म्हटलं.

"हे ठिपके दिलेत ना, त्या सगळ्या चुका माझ्या आहेत. मी सांगितलं म्हणून तिने केल्या. ठिपका नाही त्या तिच्या. आणि त्या दर महिन्याला कमी होत चालल्यात. तुमच्याच वहीवरून दिसतंय."

आमच्याकडे नवा साचा मशीनवर चढवला की पहिले कितीतरी नग भंगारात जाणार हे आम्ही धरूनच चालतो. त्याला ट्रायल म्हणतात. त्या नगांवर कुणी रिजेक्शनचं लेबल लावत नाही, ते बाजूला ठेवतात आणि त्यांच्याकडे बघून साचा थोडा थोडा सरकवतात. नवीन आलेल्या पोरांना हे मीच शिकवते. आणि तीच मी गेले तीन महिने ट्रायलचे नग तयार माल म्हणून तपासत होते, आणि रिजेक्शनची यादी त्या नगालाच वाचून दाखवत होते.

हे मी कोचना सांगितलं नाही. त्याऐवजी हातातला शेवटचा मुद्दा काढला. आमच्याच गटात एक कॉलेज होतं, दरवर्षी विजेतं. त्यांच्याकडे सहा फूट तीन इंचाची एक मुलगी होती, जिच्या घरी कोच लोकांची रांग लागली होती म्हणे.

"शिकवून उंची येते का?" मी विचारलं.

"नाही येत. तशी मुलगी मला मिळणार असेल तर मी आत्ता गाडी काढून जाईन, तुम्हाला इथेच बसवून." त्या हसल्या. "पण त्या माझ्याकडे येत नाहीत. मग येतात त्यांना शिकवते. मला दुसरं काही येत नाही."

फाइल परत देताना त्यांनी माझ्याकडे एक काम दिलं. प्रत्येक सामन्याचं चित्रण होतं, पण कॅमेरा चेंडूच्या मागे फिरतो. चेंडू हातात येण्याआधी आमची मुलगी कुठे बघत होती, हे कुठल्याच चित्रणात सापडत नाही. "तुम्ही सामना बघतच नाही," त्या म्हणाल्या, "तुम्ही फक्त तिला बघता. एवढं एकच करणारं माझ्याकडे कुणी नाही. ते लिहा. दर सोमवारी मला पाठवा. फक्त मला."

रात्रीपर्यंत थांबले नाही, पार्किंगमधूनच मुलीला फोन केला. "डाव्या हाताचं सांगितलं का नाहीस मला?"

"तू विचारलं नाहीस," ती म्हणाली. "तू वाचलंस."

पुढच्या सामन्याला मी डबा गाडीबाहेर काढला आणि जिमच्या दारात उभी राहिले. वही पर्समध्ये, चेन लावून. ती आली, डबा घेतला, तिथेच उभ्याने खायला लागली. मी भाजीबद्दल विचारलं. ती म्हणाली, मीठ कमी आहे. दोघींचं तेवढंच बोलणं झालं, आणि डबा रिकामा घरी आला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोचचा एक कागद तिच्याबरोबर घरी आला. सुट्टीभर सगळं डाव्या हाताने करायचं. दात घासणं, दार उघडणं, फोन धरणं, जेवणं. मी तो फ्रिजवर लावला. जेवणापाशी अडकलं.

"पोळी डाव्या हाताने तोडायची नाही," मी म्हटलं. "चमच्याने काय खायचं ते खा."

"कागदावर जेवण लिहिलंय."

"त्यांना पोळी माहीत नाही."

"मग मी सुट्टीभर भातच खाते."

लहानपणी याच मुलीचा डावा हात ताटात आला की मी हळूच उचलून मांडीवर ठेवायचे. माझ्या आईने माझा ठेवला होता. आता ती चमचाभर वरणभात डाव्या हाताने तोंडाकडे नेत होती आणि निम्मा टीशर्टवर सांडत होता. चौथ्या दिवशी मी पोळीत भाजी घालून गुंडाळी करून दिली. गुंडाळी डाव्या हातात धरायला मी परवानगी दिली. कागदावर पेनने अपवाद लिहिला: प्रसाद उजव्याच हाताने.

सप्टेंबरमध्ये मंडळाच्या गणपतीसाठी ती एका दिवसापुरती घरी आली. आरती झाली, प्रसादाची रांग लागली. प्रसाद वाटणाऱ्या काकूंपुढे तिने हात केला. डावा. आता तो आपोआपच पुढे यायचा. काकूंनी पेढा तसाच वर धरून ठेवला.

"उजवा, बाळा."

मुलीने माझ्याकडे बघितलं. रांगेत मागे वीस माणसं होती आणि तो अपवाद मीच लिहिला होता. पण चार महिने सांडलेला वरणभातही मीच पुसला होता.

"काकू, या वर्षी डावाच," मी म्हटलं. "तिच्या कोचनी सांगितलंय."

"कोचनी? आणि देवाला चालेल का ते?"

"काकू, मूर्ती बघा ना," नवरा मागून म्हणाला. "मोदक कुठल्या हातात आहे?"

काकूंनी मान वळवून बघितलं. आम्हीही बघितलं. सोंड डावीकडे, मोदक डाव्या हातात. काकूंनी पेढा मुलीच्या डाव्या हातावर ठेवला, आणि मग मला म्हणाल्या, "तुझा नवरा फार बोलतो."

दुसऱ्या सीझनमध्ये डिसेंबरात तिला खरी मिनिटं मिळायला लागली. संघाचा चेंडू पुढे आणायचा, कुणी कुठे जायचं ते ठरवायचं, हे काम कोचनी तिच्याकडे दिलं. माझ्या सोमवारच्या यादीत आता हात नव्हतेच, फक्त डोळे होते. पास येण्याआधी उजवीकडे बघितलं. बघितलंच नाही. दोन्हीकडे बघितलं. हे लिहिता लिहिता मला पहिल्यांदा हा खेळ दिसायला लागला. तिच्या डोळ्यांच्या मागोमाग गेलं की मोकळी जागा कुठे आहे ते तिच्याइतकंच मला कळायचं, फक्त एक सेकंद उशिरा. फेब्रुवारीत ती सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचात आली. सोडून देण्याचं ती बोलली नाही, मी विचारलं नाही. ती अट अजून तशीच होती.

गटाची अंतिम लढत त्या दरवर्षीच्या विजेत्या कॉलेजशी, त्यांच्याच जिममध्ये, शनिवारी दुपारी झाली. सहा फूट तीन इंचाची मुलगी मी पहिल्यांदा जवळून पाहिली. ती केवळ उंच नव्हती, चांगली होती. हात वर करायची आणि चेंडू जणू आपणहून तिथे जायचा. मध्यंतराला आम्ही नऊ गुणांनी मागे होतो.

पण एक गोष्ट पहिल्या पाच मिनिटांतच नवऱ्याच्या लक्षात आली होती. "अगं, त्यांनी हिचं उजवीकडचं दार लावून घेतलंय."

खरंच. हिला अडवणारी मुलगी समोर उभी न राहता हिच्या उजव्या खांद्यापाशी उभी राहत होती, आणि डावी बाजू अख्खी मोकळी सोडत होती. त्यांनी अभ्यास केला होता. गेल्या वर्षीची चित्रणं बघितली होती; या वर्षी हिला डावीकडून जायची वेळ फारशी आलीच नव्हती. डाव्या हाताने हिला काही येत नाही, तिकडे ढकला, चुकेल. माझ्या फाइलमधली नऊ ओळींची यादी त्यांनीही केली होती, आणि ठिपके द्यायला त्यांच्याकडे कुणी नव्हतं.

पहिले दोन डावे लेअप चुकले. तिसरा आत गेला. मध्यंतरानंतर ती प्रत्येक वेळी डावीकडूनच जायला लागली. एक गेला, दुसरा गेला. मग त्या उंच मुलीला आपली जागा सोडून हिला अडवायला बाहेर यावं लागलं, आणि ती बाहेर आली की बास्केटखाली आमची एक मुलगी एकटी उभी असायची. पास, बास्केट. पुन्हा डावीकडून, पुन्हा ती बाहेर आली, पुन्हा पास. हिने त्या मुलीकडे एकदाही बघून पास दिला नाही, कारण चेंडू हातात येण्याआधीच बघून झालेलं असायचं. नऊचे पाच झाले, पाचाचे दोन. जिम गप्प होत गेली. आमच्या बाजूचे चाळीस-पन्नास लोक सोडून.

तीन मिनिटं राहिली असताना त्यांनी टाइमआउट घेतला. परत आल्या तेव्हा हिला अडवणारी मुलगी खांदा बदलून डावीकडे उभी होती.

"आता?" नवरा म्हणाला.

आता उजवा हात मोकळा होता. तो तर तिला कुणीच शिकवला नव्हता, जन्मापासून होता. ती उजवीकडून एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली, आणि तिसऱ्यांदा ती उंच मुलगी हात वर करून तिच्यासमोर आली तेव्हा हिने चेंडू हवेतच उजव्यातून डाव्यात घेतला आणि तिच्या हाताखालून, बाजूने वर ठेवला. तो रिंगवर एकदा टेकला आणि आत पडला. आम्ही चार गुणांनी जिंकलो. मी बाकावर उभी होते. केव्हा उभी राहिले ते माहीत नाही. शेजारच्या एका खेळाडूच्या आईने मला मिठी मारली आणि तिच्या कोटावर माझा चिवड्याचा डबा सांडला, आणि आम्ही दोघींनी तो तसाच राहू दिला.

नोव्हाय तिथून जवळ होतं, म्हणून कोचनी रविवारपुरतं घरी जायची मुभा दिली. त्या दारात एक यादी घेऊन उभ्या होत्या. ज्याची मुलगी त्याने सही करून न्यायची. मी सही केली आणि दोन वर्षं मनात असलेलं विचारून टाकलं. "त्या कॅम्पमध्ये शंभर मुली होत्या. हिलाच पत्र का लिहिलंत?"

"कॅम्प संपल्यावर पार्किंगमध्ये माझी गाडी तुमच्या शेजारी होती," त्या म्हणाल्या. "काचा उघड्या होत्या. तुम्ही वहीतून काहीतरी वाचत होता. तुमची भाषा मला कळली नाही, पण ती इंग्रजीत उत्तरं देत होती. कोण कुठे उभी होती, मागून कोण येत होतं, पास कुणाचा उशिरा आला. अख्खा खेळ तिच्या डोक्यात जसाच्या तसा होता. पळणाऱ्या मुली मला हव्या तेवढ्या मिळतात. आठवणाऱ्या मिळत नाहीत." मग त्यांनी यादीवर खूण केली. "म्हणजे हेरावं तर लागतंच. आपल्याला काय शिकवता येत नाही, तेवढं हेरायचं."

हे मी गाडीत मुलीला सांगितलं. थोडं ताठ बसूनच सांगितलं असेल.

"आणि ती उत्तरं दिल्यावर मी घरी जाऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे," ती म्हणाली. "ते नाही ऐकलं त्यांनी."

नवऱ्याने रेडिओ बंद केला. हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. मी मागे वळून तिला तसं सांगितलं, आणि चुकलं माझं, असंही म्हटलं. नागपूरच्या टेबलावर हे वाक्य कुणी कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही.

ती पोळीची गुंडाळी डाव्या हातात धरून खात होती. खाऊन झाल्यावर तिने हात पुढे केला.

"वही दे."

"वाचायची मला परवानगी नाही."

"मी वाचते."

तिने पहिल्या अर्ध्याचं पान वाचलं, मान हलवली, मग उलटलं. दुसऱ्या अर्ध्याच्या पानावर चार ओळी होत्या आणि खाली काहीच नव्हतं.

"हे काय?"

"मी उभी होते."

"मग दोन चुका राहिल्यात. लिही." तिने वही आणि पेन मला परत दिलं आणि डोळे मिटून सीटला डोकं टेकवलं. "शेवटच्या क्वार्टरच्या सुरुवातीला डावीकडे बघितलं, पण मागे नाही बघितलं. ती मागून आली असती तर चेंडू गेला होता. आणि तिसऱ्या टाइमआउटनंतर मी पास आधी ठरवून टाकला. बघायच्या आधी ठरवला. बसला तो नशिबाने."

मला यातलं एकही दिसलं नव्हतं. मी दोन्ही लिहून घेतल्या.

"हे सोमवारी पाठव त्यांना," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षीच्या सामन्यांच्या तारखा आल्या की शीट कर. तुम्हाला कुठल्या कुठल्या सामन्याला यायचंय ते ठरवावं लागेल."

"सगळ्या," नवरा म्हणाला. मी पान उलटलं आणि वर पुढच्या वर्षाचा आकडा घातला.